बिनकॅरियरची सायकल

सरस्वतीपुरम, म्हैसूर
१२ जून २०१६

चि. पद्मनाभ यास,

पुढे आशीर्वाद लिहायचा की नाही, यावर मी दहा मिनिटं घालवली. शेवटी लिहीत नाही. तू आता एकसष्ट वर्षांचा आहेस. पस्तीस वर्षं या थोरल्या बहिणीच्या आशीर्वादावाचून निभावलीस, आणखी एक पत्र निभावेल.

तुझा पत्ता आपल्या समाजाच्या नव्या यादीत मिळाला. तुझ्या नावापुढे ‘निवृत्त ड्रॉइंग मास्तर, एच. डी. कोटे’ असं छापलंय आणि माझ्या नावापुढे नुसतं ‘कु.’. अडतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, निम्म्या म्हैसूरचे ट्रंक कॉल माझ्या कानांतून गेले, आणि यादी करणाऱ्याला माझ्याबद्दल सापडलं ते एवढंच. यादी दामोदररावांनी केली. मी त्यांना फोन करून माझं मत कळवलं. हल्ली ते देवळात मला पाहिलं की खांबाआड होतात.

कामाचं लिहिते. मी लहान मुलांची चित्रपुस्तकं लिहिते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. पहिलं पुस्तक गेल्या वर्षी आलं. मल्लिगेचे गजरे खाणाऱ्या शेळीचं आहे. कन्नडमध्ये आणि मराठीत, दोन्हीकडे चाललं. दुसरं पुस्तक अप्पांच्या साड्या छापायच्या लाकडी ठशांवर आहे. त्याच्या शेवटच्या पानासाठी मला एका खऱ्या ठशाची छाप हवी आहे, आणि खरा ठसा जगात एकच उरला आहे, तो तुझ्याकडे. कोयरीचा. अप्पांनी तो तुझ्या पिशवीतून काढून अंगणात भिरकावला होता आणि जाताना तू तो उचलून घेतलास. मी दारातून पाहिलं होतं.

ठसा पाठवू नकोस, पोस्टावर माझा विश्वास नाही. पांढऱ्या मलमलीवर एक छाप काढून पाठव. बाकीच्या ठशांचं मी काही विचारत नाही. झालं ते झालं.

कृष्णवेणी
(पूर्ण नाव लिहिलं. तुला दुसरी कुणी वेणी ठाऊक असेल तर घोटाळा नको.)


९ जुलै २०१६

चि. पद्मनाभ यास,

उत्तर नाही. पन्नास किलोमीटरवर पत्र पोचायला महिना लागत नाही, म्हणजे पोचलं आणि तू ते ड्रॉवरमध्ये टाकलंस. तुला लहानपणापासून ही सवय आहे. मला जी सवय आहे तीही तुला ठाऊक आहे, तेव्हा मी पुन्हा लिहिते.

हे पुस्तकांचं कसं सुरू झालं ते सांगते. निवृत्त झाल्यावर पार्कासमोरच्या वाचनालयात मी शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवायला लागले. काय ती पुस्तकं! प्रत्येक हत्ती शहाणा, प्रत्येक ससा कृतज्ञ, आणि शेवटच्या पानावर उपदेश. एका पुस्तकात तर मांजर दात घासत होतं. मी बेंगळुरूच्या त्या प्रकाशकांना सहा पानी पत्र लिहिलं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बर्नडेटने शिकवलेल्या पद्धतीने, समासासकट. आठवड्याने एका मुलीचा फोन. नाव वनजा, संपादक, आवाजावरून तिशीची.

“मॅडम, तुमचं पत्र आम्ही ऑफिसात मोठ्याने वाचलं.”

“मग?”

“मग काय, आता तुम्हीच लिहा.”

मला वाटलं, चारशे शब्द तर लिहायचे. अय्यो! ट्रंक कॉल जोडणं सोपं. शेळीची गोष्ट मी अकराशे शब्दांत लिहिली आणि वनजाने त्यातले आठशे खोडले. शेळी काळी आहे असं लिहिलं की खोडायची. “ते चित्रात दिसतं मॅडम. ज्यांना वाचता येत नाही ती मुलं चित्रंच वाचतात. शब्दांत काही राहिलं, काही चुकलं, तरी एक वेळ चालेल. चित्र खोटं बोललं की मुलं पकडतात.” मी तिच्याशी तीन दिवस भांडले. मग मलाच पटलं. हे तिला सांगितलेलं नाही.

आता या पुस्तकाचं. म्हैसुरातल्या एका गल्लीत एक रंगारी राहतो. लाकडी ठशांनी साड्या छापतो. गिरण्यांचं कापड येतं, त्याचा धंदा बसतो, पण ठसे तो जपून ठेवतो. दर दिवाळीला बाहेर काढून त्यांना तेल पाजतो, तडकू नयेत म्हणून. एका दिवाळीला सगळे ठसे नाहीसे होतात. पाहतो तर घरातल्याच काकाच्या पिशवीत एक कोयरीचा ठसा! काकाने बाकीचे सायकलवरून नेऊन विकले. रंगारी त्याला चोर म्हणतो, काका घर सोडतो. पुढे कोयरी एकटीच साऱ्या गावभर छापली जाते, भिंतीवर, ढगांवर, एका म्हशीवरही.

काका वनजाला फार आवडला. चित्र काढणाऱ्या मुलाने त्याला मिश्या दिल्यात, शिट्टी वाजवत सायकल मारताना दाखवलंय, मागे कॅरियरवर पोतं. शिट्टी तुझी आहे. तुझी हरकत नसावी. गोष्टीत कुणीतरी ते केलेलं असावं लागतं.

छाप पाठव.

कृष्णवेणी


२ ऑगस्ट २०१६

चि. पद्मनाभ,

तुझं कार्ड आलं. पस्तीस वर्षांनी आणि तेही कार्ड! टपालवाल्याने वाचलं असणार, खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तर नक्कीच वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच, ओळीच्या वर तरंगणारं. तू काय लिहिलंस ते तुला आठवत असेल, तरी मी इथे उतरवते, कारण मी ते दिवसभर वाचते आहे:

‘चित्र चुकलं आहे. माझ्या सायकलला कॅरियर नव्हता. पुस्तक छापलं की एक प्रत नातीसाठी पाठव. ती सहा वर्षांची आहे. छापलेलं सगळं अजून खरं मानते.’

बस्स. खाली सहीसुद्धा नाही.

पहिली गोष्ट, गोष्टीतला काका म्हणजे तूच, असं कुणी सांगितलं? दुसरी गोष्ट, सायकल उसनी आणता येते. तिसरी

तिसरी काही नाही. तुझ्या सायकलला कॅरियर नव्हता हे मला पक्कं आठवतं. आठवणारच. माझी सकाळची पाळी असली की तू मला एक्स्चेंजपर्यंत सोडायचास, आणि कॅरियर नाही म्हणून मी पुढच्या दांड्यावर बसायचे. वयाने पाच वर्षांनी मोठी, सुपरवायझर, हातात छत्री, आणि धाकट्या भावाच्या सायकलच्या दांड्यावर! सगळा देवराज मोहल्ला हसायचा. सोनारांची पोरं ‘राणीची स्वारी’ म्हणायची. मी मान ताठ ठेवायचे आणि तू मुद्दाम शिट्टी वाजवायचास. उशीर तुझ्यामुळेच व्हायचा. मी चुलीशी धुरात बसलेली, आणि तू न्हाणीच्या दाराबाहेर खांद्यावर पंचा टाकून बोंबलायचास, “अक्का, हंडा तापला काऽ?” रोज. रविवारीसुद्धा.

मी वनजाला कळवलं आहे की सायकलचा कॅरियर काढून टाका. चित्र बरोबर असलं पाहिजे.

नातीचं नाव कळवलं नाहीस.

वेणी


१८ सप्टेंबर २०१६

पदू,

हे पत्र नातीला दाखवू नकोस. आधी तू वाच, मग काय ते ठरव.

काल वाचनालयात पुस्तकाची कच्ची प्रत नेली होती. छापण्याआधी मी मुलांना वाचून दाखवते. ती चुळबुळ करतात ते वाक्य खोडायचं. काकाचं पान आलं. मी वाचलं, ‘काकाने पोतं सायकलवर टाकलं आणि गेला भुर्रकन.’ पुढच्या रांगेत एक दात पडलेली पोर बसते, ती उठून चित्रापाशी आली. बोट लावून तिने सगळी सायकल तपासली.

“अज्जी, मागे काहीच नाही. पोतं कुठे ठेवलं?”

मी म्हटलं, पुढे ठेवलं असेल.

“पुढे दांडा आहे. पडेल ना पोतं.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “या काकाने नाही नेलं. तुम्ही उगीच त्याचं नाव घेता.”

सगळी मुलं ओरडायला लागली, “मग कुणी? मग कुणी?” तुझ्या सांगण्यावरून मीच काढायला लावलेला तो कॅरियर! मी पुस्तक मिटलं, डोकं दुखतंय म्हणाले आणि घरी आले. इतक्या मुलांशी मी आजवर खोटं बोलले नव्हते. एकाशी बोलले होते, आणि तेही तोंड न उघडता.

कॉन्व्हेंटमध्ये कॅथलिक मुली शनिवारी चॅपेलमधल्या लाकडी खोक्यापाशी गुडघे टेकून फादरला पाप सांगून यायच्या आणि हलक्या होऊन पळत सुटायच्या. आम्हा हिंदू मुलींना खोकं नव्हतं. मी सिस्टर बर्नडेटला विचारलं होतं, आम्ही कुणाला सांगायचं? त्या म्हणाल्या होत्या, ज्याचं बिघडवलंस त्याला. तेव्हा मला तो उपाय फार गैरसोयीचा वाटला होता. अजून वाटतो.

तर ऐक. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी, पाणी भरायच्या सणाला, मी हंडा घासला, चुन्याचे पट्टे ओढले, कारल्याची वेल गुंडाळली. आई गेल्यापासून ते माझंच काम होतं. अप्पा ओसरीवर ठशांना तेल लावत बसले होते. मी शेजारी बसून दोन ठसे हातात घेतले. तुला ठाऊक आहे, पंधराव्या वर्षी मी तुम्हा दोघांपेक्षा सरळ किनार छापायचे. अप्पांनी माझ्या हातातले काढून घेतले. म्हणाले, “हे सगळं पदूचं. तू इंग्रजी शिकलीस, तुला काय करायचंय?” तू घरात नव्हतास. तुला ठसे नको होते, तुला रंगपेटी आणि कागद हवे होते, हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

तेल निथळावं म्हणून त्यांनी ठसे पोत्यात भरून न्हाणीत उबेला ठेवले, सरपणाशेजारी. मला सांगितलं नाही. पहाटे अभ्यंगासाठी मी चूल पेटवायला गेले. सरपण ओलं, नुसता धूर. हाताला पोतं लागलं. आत कोरडी लाकडं, तेलकट. मी ओंजळीने घातली. काय पेटलं म्हणून सांगू! अंधारात वीस-पंचवीस गेले असतील. मग जाळाचा उजेड पडला आणि माझ्या हातात जे होतं त्यावर मला फूल दिसलं.

इथपर्यंत चूक होती. इथपर्यंतची मी पस्तीस वर्षं मनात घोकून ठेवली आहे, कुणी विचारलंच तर सांगायला. पुढचं घोकलेलं नाही.

पदू, मी थांबले नाही. ‘तुला काय करायचंय’ हे कानात होतं. फूल मी चुलीत टाकलं. मग मोर टाकला. मग वेलबुट्टी, पोपट, देवळाची कमान. उजेडात, एकेक पाहून. बाहेरून तू ओरडलास, “अक्का, हंडा तापला का?” आणि मी म्हटलं, “तापला, ये.” अप्पा न्हाऊन आले आणि म्हणाले, “आज वेणीने झकास तापवलंय.”

दुपारी त्यांनी पोतं शोधलं. कोयरी तेवढी तू आदल्या दिवशीच काढून घेतली होतीस, शाळेतल्या पोरांना दाखवायला. हे त्यांना तू दहादा सांगितलंस. मी दारात उभी होते, हातात छत्री, ड्यूटीवर निघालेली. ते तुला चोर म्हणाले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी घड्याळाकडे पाहिलं.

तीन वर्षांनी अप्पा गेले. तू दहाव्याला आलास, न जेवता परत गेलास. तेव्हाही मी बोलले नाही. त्यानंतर गप्प राहायची सवयच लागली. आणि आता त्या सवयीतून मी पुस्तक काढत होते, सहा वर्षांच्या मुलीला तिचा आजोबा चोर म्हणून दाखवत होते.

छाप मागायचा मला हक्क नाही. मागणी मागे घेते.

वेणी


१० ऑक्टोबर २०१६

पदू,

उत्तर मागत नाही, फक्त कळवते.

वनजाला फोन करून सांगितलं की काका पुस्तकातून जाणार. ती तापली. “मॅडम, चित्रं झालीत. छापखान्याची तारीख ठरलीय. आणि काका गेला तर गोष्टीत राहिलं काय?”

“एक बाई राहिली,” मी म्हटलं. मग तिला सगळं सांगितलं. टेलिफोनवर, अर्धा तास, उभ्याने. मग ती म्हणाली, “तुमचा चष्मा कसला होता तेव्हा?”

तर आता असं आहे. शब्दांत फक्त एवढंच, ‘ठसे गेले कुठे? कुणीच सांगेना.’ आणि चित्रात चूल, चुलीतून वर उठणाऱ्या जाळात मोर, पोपट, फुलं, आणि पाठमोरी एक बाई. काळ्या काड्यांचा चष्मा, लांब वेणी, बगलेत छत्री. पुढच्या पानावर तीच बाई दारात, घड्याळाकडे पाहणारी, आणि अंगणातून सायकल ओढत जाणारा तिचा भाऊ. कॅरियर नाही. शिट्टीसुद्धा नाही, ती तुझी तुला परत. वनजा म्हणाली, छत्री काढू या, मुलांनी वाचनालयात तुम्हाला ओळखलं तर? मी म्हटलं, म्हणूनच ठेव.

शनिवारी नव्या प्रतीतून वाचलं. दात पडलेलीने चित्र पाहिलं, माझ्या छत्रीकडे पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं. जाताना म्हणाली, “अज्जी, त्या काकाला सांगितलं का?”

“सांगितलं.”

“मग तो काय म्हणाला?”

“अजून काही नाही.”

“सुम्ने बसलाय?”

“हो. गप्प बसलाय.”

“मग तुम्ही थांबा,” ती म्हणाली, जणू मी तिची वर्गातली धाकटी मैत्रीण.

शेवटचं पान कोरं आहे. वनजा म्हणते दुकानातला एखादा ठसा छापू, कुणाला कळणार? मी नाही म्हटलं. कोरंच जाईल. कच्ची प्रत सोबत ठेवली आहे. आधी तू पाहा. नातीला द्यायची की नाही हे तुझ्यावर. एखादा शब्द जरी नको असेल तर खोड. आठशे खोडलेले सोसले आहेत मी.

वेणी


२८ ऑक्टोबर २०१६
पाणी भरायचा सण

पदू,

दुपारी तुझं पार्सल आलं. टपालवाला म्हणाला, “अम्मा, आत काहीतरी खुळखुळतंय.” पोस्टाबद्दल मी जे लिहिलं होतं ते मागे घेते.

मलमल काढली. एक छाप मागितली होती, तू पंधरा काढल्यास. लाल, मंजिष्ठी, निळ्या. एक तर पालथी. ती नातीने काढली असणार. रंग कोपरापर्यंत गेल्याचा पुरावा कापडाच्या टोकाला आहे, पाच बोटांचा. मी वनजाला फोटो पाठवून सांगितलं आहे, शेवटच्या पानावर तीच घ्यायची, बोटांसकट. वनजा म्हणाली, वाकडी आहे. मी म्हटलं, असू दे.

मग डबा उघडला. पावडरचा जुना डबा, वर तुझ्या अक्षरात कागद चिकटवलेला: ‘नरक चतुर्दशी, १९८१. चुलीतली राख.’

राख काढायचं काम तुझं असायचं. हे मी विसरले होते. इतकं सगळं लक्षात ठेवलं आणि हेच विसरले! आत पितळी पट्ट्या होत्या, ठशांच्या बारीक रेघांसाठी लाकडात ठोकलेल्या. लाकूड गेलं, पितळ राहिलं. वाकड्या झाल्यात, काळ्या पडल्यात, पण एकीवरून मोराचा तुरा अजून ओळखू येतो. म्हणजे त्या दुपारी अंगणात तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा तुला ठाऊक होतं. मला वाटत आलं की तू मदत मागत होतास. तू मला संधी देत होतास.

तू का बोलला नाहीस, हे मी पत्रात विचारणार नाही. समोरासमोर विचारीन, आणि तेव्हा चढ्या आवाजात विचारीन, तयारीत राहा.

डब्याच्या तळाशी चिठ्ठी होती. एकच ओळ. ती वाचून मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले ती दूध उतू जाईपर्यंत.

घरात आता गिझर आहे. हंडा माळ्यावर होता, त्यात जुने पडदे. खालच्या मजल्यावरच्या बाईंना हाक मारून तो उतरवला, चिंचेने घासला, चुन्याचे पट्टे ओढले. पट्टे सरळ आले नाहीत. देवराज मार्केटात कारल्याची वेल मिळाली. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली आहे. सरपण विकत आणलं आणि एकेक लाकूड उलटसुलट पाहून ठेवलं आहे.

हे पत्र पोस्टाने पोचायला दोन दिवस लागतील, म्हणून खालच्या बाईंचा मुलगा उद्या पहाटे एच. डी. कोट्याच्या पहिल्या बसच्या कंडक्टरच्या हातात देणार आहे. तेल, शिकेकाई, पंचे काढून ठेवले आहेत. तिघांचे. त्या पोरीचं नाव मला तिच्याच तोंडून ऐकायचं आहे.

तुझ्या चिठ्ठीचं उत्तर:

तापला, पदू. ये.

तुझी अक्का